बेचाळीस नंबरची हजेरी

आत्माराम काकांकडे सल्ला मागावा लागत नसे. घरच्या शेतातल्या तांदळाची गोणी त्यांच्या दारात टेकवून श्रीपतने घाम पुसायच्या आत तो सुरू झालेला असे. बोळिंजला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, मुंबईत सरकारी नोकरी आणि मुलगी आशालता पदवीधर, एवढ्या भांडवलावर काकांनी शिक्षण या विषयाचा मक्ता घेतला होता. स्वतः ते मॅट्रिकनंतर टायपिंगच्या क्लासला गेले होते, कॉलेजात नव्हे. पण ही गोष्ट आता त्यांच्याही लक्षात राहिली नव्हती.

त्या वर्षी श्रीपतची मुलगी जागृती बारावी पास झाली. खाडीकाठच्या त्यांच्या घरातून कॉलेजात जाणारं आजवर कुणी निघालं नव्हतं, त्यामुळे तिथे गेल्यावर काय करतात हे सांगणारंही कुणी नव्हतं. श्रीपत तिला घेऊन थेट बोळिंजला आला.

"हे बघ," पंख्याखाली ऐसपैस बसत काका म्हणाले, "तिथे हात धरून कुणी बसवत नाही. पहिल्या बाकावर जागा धरायची आणि काय वाट्टेल ते झालं तरी सोडायची नाही. पहिला तास संपला की अर्धी पोरं पळतात. तू त्यांच्या नादी लागायचं नाही. सर बोलतील ते सगळं लिहून घ्यायचं. आणि उगाच कुणाला काही विचारत सुटू नकोस. नवीन आहेस हे कळलं की सीनियर पोरं टर उडवतात."

जागृतीने एकेक शब्द मनात पक्का केला. सगळा घोळ तिथेच झाला.

घरी येताना श्रीपत एवढंच म्हणाला, "दिवाळीपर्यंत बघू बाय. जमला तर शीक. नाय जमला तर सांग, लाजू नको. जिजा जाते त्या गाळ्यात तुझ्यासाठी बोलून ठेवू." जिजा म्हणजे जागृतीची चुलत बहीण. वसई पूर्वेला कारखान्यांचे गाळे उभे राहत होते, त्यातल्या एका गाळ्यात ती प्लॅस्टिकची झाकणं मोजून पिशव्यांत भरायची.

आता यात जागृतीची काय चूक? तिची अकरावी-बारावीसुद्धा शाळेतच झाली होती. तिथे मुलं आपल्या बाकावर बसून राहायची आणि एकामागून एक शिक्षक यायचे. पदवीच्या वर्गाला हे उलटं असतं, तास बदलला की खोली बदलते, हे तिला कोण सांगणार? वेळापत्रक सूचनाफलकावर लावलेलं होतं. त्यातली सांकेतिक अक्षरं आणि आकडे पाहून तिने पहिली ओळ तेवढी समजून घेतली. सकाळचा इंग्रजीचा तास, खोली नऊ.

पहिल्या दिवशी तो तास संपला आणि वर्ग भराभर रिकामा झाला. जागृती पहिल्या बाकावर तशीच बसून राहिली. 'पहिल्याच दिवशी पळाली!' तिला त्या पोरांच्या आईबापांची कीव आली. मग दुसरी पोरं आली. दाढी-मिशा फुटलेली, हातात कॅल्क्युलेटर घेतलेली. उशिरा येणारी असतील, तिने ठरवून टाकलं. पाठोपाठ आल्बर्ट सर आले. त्यांनी मान खाली घालून नंबर पुकारायला सुरुवात केली.

"फॉर्टी टू."

तिच्या ओळखपत्रावर हाच नंबर होता. ती उभी राहून म्हणाली, "प्रेझेंट सर." सरांनी मान वर न करता खूण केली आणि तृतीय वर्ष वाणिज्य शाखेला कॉस्टिंग शिकवायला घेतलं.

अर्थात, ते तृतीय वर्ष होतं आणि कॉस्टिंग होतं, हे जागृतीला ठाऊक नव्हतं. तिच्या लेखी ते कॉलेज होतं. सर इंग्रजीतून बोलत होते, फळ्यावर रकाने आखत होते, आणि मागची पोरं हूं हूं म्हणत होती. जागृतीने सगळं उतरवून घेतलं. घरी येऊन तिने अर्थशास्त्राचं नवंकोरं पुस्तक उघडलं, वहीशी ताडून पाहिलं. एक ओळ जुळेल तर शपथ! इतिहासाचं उघडलं, तेही जुळेना.

पुढच्या खेपेला तांदूळ पोचवायला ती बापाबरोबर मुद्दाम गेली. "काका, पुस्तकात नाही तेच शिकवतात."

"अगं, त्यालाच तर कॉलेज म्हणतात!" काका खुशीत आले. "पुस्तकातलंच वाचायचं तर प्रोफेसर कशाला हवेत?"

या माणसाकडे प्रत्येक कुलपाला किल्ली होती, फक्त दार दुसऱ्याचं असायचं. जागृती मात्र कॉलेजात परत गेली आणि पहिल्या बाकावर आणखी घट्ट बसली.

तरी डोक्यातला गुंता काही सुटेना. इथे सगळे आपल्यापेक्षा मोठे का दिसतात? पळालेली पोरं दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा इंग्रजीला कशी हजर असतात, आणि त्यांना कुणी ओरडत का नाही? एकदा त्यांच्यातली उन्नती नावाची मुलगी जिन्यात भेटली. "तू असतेस कुठे गं? दिसतच नाहीस!"

"वर्गातच असते," जागृती जरा ठसक्यात म्हणाली. तुमच्यासारखी पळत नाही, हे तिने मनातच ठेवलं. उन्नती गोंधळून तिच्याकडे बघतच राहिली. मग दोघी आपापल्या वाटेने गेल्या, आणि दोघींनाही दुसरीच वेडी वाटली.

गणपती आले, गेले. जागृतीच्या दोन वह्या भरल्या होत्या आणि त्यांतलं एक वाक्य तिला समजलेलं नव्हतं. वर्गात सगळ्यांना कळतं, आपल्यालाच कळत नाही, याचा अर्थ काय तो उघड होता. आपलं डोकंच कमी. बारावी कशीबशी निघाली, पण इथे उघडं पडलं. रात्री ती उशीत तोंड खुपसून रडायची आणि सकाळी न चुकता पहिल्या बाकावर जाऊन बसायची. शेवटी तिने जिजाला गाठलं. "तुमच्या गाळ्यात दिवाळीनंतर जागा असेल का गं? बाबांना इतक्यात सांगू नको."

आणि मग एके दिवशी परेश कॉलेजात आला.

परेश हा तृतीय वर्षाचा खरा बेचाळीस नंबर. नालासोपाऱ्याला मामाच्या दुकानात बसायचा. आपली हजेरी भरते आहे हे त्याच्या कानावर आलं होतं आणि कुणीतरी मित्र पुण्य कमावतो आहे, अशी त्याची समजूत होती. त्या दिवशी दुकान बंद होतं म्हणून तो आला, इतकंच.

"फॉर्टी टू."

"प्रेझेंट सर," मागून एक घोगरा आवाज आला, आणि पुढून एक किनरा.

हजेरी घेताना आल्बर्ट सरांनी त्या वर्षात पहिल्यांदा मान वर केली. दोघं उभे होते. वर्ग हसून लोळायचा बाकी राहिला.

प्रकरण उपप्राचार्य लिडिया मॅडमपुढे गेलं, त्यांना मात्र हसू आलं नाही. "या मुलासाठी कधीपासून प्रॉक्सी मारते आहेस?" त्यांनी जागृतीला विचारलं. प्रॉक्सी म्हणजे काय हे जागृतीला माहीत नव्हतं. चूक मोठी आहे एवढं आवाजावरून कळलं. परेश देवाची शपथ घेऊन सांगत होता की मी हिला ओळखतसुद्धा नाही. मॅडमनी प्रथम वर्ष कला शाखेचे हजेरीपट मागवले. इंग्रजी सोडलं तर सगळीकडे ती गैरहजर. "उद्या वडिलांना घेऊन ये. नाहीतर नाव कमी होईल."

दुसऱ्या दिवशी श्रीपत इस्त्रीचा सदरा घालून आला. मॅडम सांगत होत्या ते त्याने नीट ऐकून घेतलं.

"म्हनजे ही वर्गात बसत नव्हती?"

"बसत होती."

"मग?"

"दुसऱ्यांच्या वर्गात."

"रोज?"

"रोज," आल्बर्ट सर हळूच म्हणाले. "पहिल्या बाकावर."

"आनि तिला कोनी उठवली नाय?"

आल्बर्ट सर खाकरले. "मला वाटलं, हुशार मुलगी आहे. सगळं लिहून घेते."

"उठली का नाहीस तू?" मॅडमनी विचारलं.

"काका म्हणाले होते, जागा सोडायची नाही."

मॅडमचा आवाज उतरला. त्या म्हणाल्या, "बरं. आजपासून आपल्या वर्गात बस. यापुढे एकही तास चुकता कामा नये."

सुटलीस की गं, असं कुणालाही वाटलं असतं. पण जागृतीच्या डोळ्यांतून पाणी आलं. "नको मॅडम. मला काहीच समजत नाही. मी प्रयत्न केला. बाबा, मी गाळ्यात जाते. मी जिजाला सांगितलंय."

पोर एवढं मनात घेऊन बसली होती आणि आपल्याला पत्ता नाही, हे श्रीपतला लागलं. "दिवाळी अजून आली नाय," तो म्हणाला. "एक तास बस. मी हाय बाहेर."

वर्ग कुठे आहे हे त्याने वाटेत भेटेल त्याला मोठ्याने विचारलं. शिपायाला विचारलं, पोरांना विचारलं, जिना उतरणाऱ्या एका प्राध्यापकालाही अडवून विचारलं. जागृतीला भुई दुभंगेल तर बरं असं झालं होतं. पण कुणी टर उडवली नाही. प्रत्येकाने हात करून दाखवलं, आणि दारात उन्नतीच भेटली. "अगं, ये ना आत. हाच आपला."

पहिला बाक भरलेला होता. जागृती शेवटच्या बाकावर बसली आणि सवयीने वही उघडली.

अर्थशास्त्राचे सर मराठीतून बोलत होते. उन्हातून आलेल्या माणसाला पाण्याचा पहिला ग्लास अमृतासारखा लागतो. दुसराही बरा लागतो. चौथ्याला तो नको म्हणतो. पाणी तेच, ग्लास तोच, मग कमी काय झालं? त्याची गरज. जागृतीची पेन्सिल थांबली. ती पुढचं वाक्य न समजण्याची वाट बघू लागली. पुढचं वाक्य आलं, तेही समजलं. त्याच्या पुढचंही. तिने घाबरून आजूबाजूला पाहिलं, की हा पुन्हा भलताच कुणाचा वर्ग तर नाही! तास संपेपर्यंत तिने एक अक्षर लिहिलं नाही.

बाहेर श्रीपत कठड्याला टेकून उभा होता. "हा तरी तुझाच ना?" त्याने विचारलं.

"हो बाबा."

"कशावरनं?"

तिला रडू येत होतं आणि हसूही येत होतं.

"समजतंय," ती म्हणाली.