धाकट्याचा आलेख

…हिरवा शार्पनर, कडेला टिचलेला — तो धाकट्याच्या मुठीत कधी आला हे तिला कळलंच नाही. उजव्या हातात पेन्सिल गरगर फिरत होती, साल सुटत होतं, आणि डावा हात, जन्मापासून आखडलेला, घरात ज्याला सगळे धाकटा म्हणायचे तो, शार्पनर धरून गुपचूप बसला होता. कुणी न सांगता! तिने खाली बघितलं मात्र, मूठ आवळली आणि शार्पनर टुणकन टेबलाखाली.

हे असंच. हाक मारली की रुसायचं. ती दोन वर्षांची होती तेव्हापासून थेरपिस्टताई दरवर्षी तोच व्हिडिओ घेत — बरणी उघड, मणी ओव, कागद काप — आणि धाकटा थोरल्याला, म्हणजे उजव्याला, किती मदत करतो त्याचे गुण आलेखावर मांडत. रेघ आधी भराभर चढली. सातव्या वर्षी जी आडवी पडली ती आजतागायत. पुष्कळ मुलांचं असंच होतं, ताईंनी समजावलं होतं, हात बरंचसं लहानपणीच शिकून घेतो, पुढे आहे ते वापरात ठेवायचं. आडवी… म्हणजे संपलं? मी पंधराची, आणि माझा हात अजून दुसरीतच? — छे, आज रडगाणं नाही. आज व्हिडिओ होता, आणि आज ती रेघ हलायलाच हवी होती, केसभर तरी.

ताईंच्या खोलीतल्या बुटक्या टेबलाखाली आता तिचे गुडघे मावेनात. बरणी समोर आली. तिने धाकट्याला मनातल्या मनात विनवलं, दटावलं, लाचसुद्धा कबूल केली. तो खांद्यापर्यंत ताठ. आई खिडकीबाहेर बघायचं नाटक करत होती.

“परीक्षेला बसलीयस का गं?” ताई म्हणाल्या. “राहू दे ती बरणी. शाळेतल्या भाषणाचं काय झालं ते सांग.”

विचारायचाच अवकाश — दुसरं पान घरी राहिलं ते, मग तिने व्यासपीठावर बिनदिक्कत थापा ठोकल्या त्या, मुख्याध्यापिकाबाई रुमालाआड हसल्या ते… आणि मध्येच आई हसायची थांबली. ताईही तिच्या तोंडाकडे बघत नव्हत्या, खाली बघत होत्या. कॅमेरा चालूच होता. उजव्या हातात झाकण आहे हे तिला जाणवलं. म्हणजे बरणी…

बघावं? रेघ, गुण, केसभर — सगळं एकदम कुठल्या कुठे गेलं, आणि पोटातून हसू वर येत राहिलं.

“मग? पुढे काय झालं?” आईने विचारलं.

ती पुढे सांगू लागली, नजर ताईंच्या कपाळावर ठेवून, जराही घाई न करता.