वजिफ्याआधीची बाकी

दुधरामला सरकारी वजिफा मिळाला, तर आपल्या पदरात काय काय पडेल हे बकारामनं धानाच्या बांधीच्या चिखलात उभ्या उभ्या मोजून ठेवलं होतं. पुतण्या गोंदियाच्या कॉलेजात सरकारच्या पैशानं शिकणार, म्हणजे घरचं एक ताट कमी. पुढे मास्तर झाला की पगार घरात. आणि सगळ्यात गोड घास म्हणजे तलावाखालची बांधी. धाकटा भाऊ, दुधरामचा बाप, वारल्यावर ती भावजयीच्या, सुमित्राबाईच्या नावावर चढली होती; पोरगा नोकरीला लागला की ती कसायला बकारामच उरणार होता. तलावाचं पाणी सोडलं की पहिलं तिच्यातच शिरायचं.

अडचण एकच होती. वजिफ्यासाठी आधीच्या कॉलेजचा दाखला हवा होता आणि नागपूरचं कॉलेज तो देत नव्हतं. दुधराम वर्षभर तिथल्या वसतिगृहात राहिला होता आणि परीक्षेला न बसताच दवनीवाड्याला परतला होता. त्याच्या नावावर चौसष्ट रुपये बाकी निघत होते.

"खानावळीचे पैसे मी दर महिन्याले धाडले," बकाराम म्हणाला. रोवणा ऐन भरात होता, बाया पुढे वाकून परे, धानाची रोपं, लावत होत्या, नि त्या ऐकत आहेत हे त्याला चांगलं ठाऊक होतं. "मंग बाकी कायची?"

"राह्यली जी, मोठेबाबा."

"राह्यली म्हंजे? शिनेमात राह्यली का हाटेलात?"

दुधरामनं पऱ्यांची पुढची पेंढी सोडली.

संध्याकाळी ओसरीवर बैठक झाली. भासऱ्याशी, नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, थेट बोलायची रीत नव्हती, म्हणून सुमित्राबाई दाराआडून पोराशी बोलली आणि ऐकलं सगळ्यांनी.

"दुधराम, मोठेबाबाले सांग, चौसष्ट रुपये भरा म्हनावं. धान निघाल्यावर फेडीन."

"दुधराम, आईले सांग, भरतो. पन तलावाखालची बांधी गहाण लिहून दे म्हना."

आतल्या बांगड्या थांबल्या. मग आवाज आला, "सांग, लिहून देईन. पन पैसे तुह्या हाती नाई, नि मोठेबाबाच्या एकट्याच्या हाती बी नाई. माहा भाऊ संग जाईल."

मधे उभ्या दुधरामला एकही निरोप पोचवावा लागला नाही.

सुमित्राबाईचा भाऊ सेवकराम आमगावचा. तो गोंदियाच्या ठेसनावर भेटला आणि तिघं नागपूरच्या गाडीत बसले. बकारामनं पैसे कमरेला बांधले होते. त्याचा डोळा पुतण्यावर, सेवकरामचा डोळा त्याच्या कमरेवर. दुधराम खिडकीशी बसून सारखं एकच म्हणत होता, "मोठेबाबा, तुमी बाहेरच बसा जी. मी भरून येतो."

"पाहा, सेवकराम. पोट्टा आत येऊ देऊन नाई राहिला."

"दिसून राहिलं मले," सेवकराम म्हणाला, "सबन दिसून राहिलं."

वसतिगृहाचा बाबू चष्म्यावरून बघत म्हणाला, "मुलाची स्वतःची पैचीही बाकी नाही. ही पाहुण्यांच्या ताटांची आहे. ताटाला आठ आणे."

बकारामला अंगात वारं भरल्यासारखं झालं. "म्या म्हनलंच होतं. दोस्त जेवू घातले यानं. कोन होते ते फुकटे?"

बाबूनं चष्मा नाकावर वर सरकवला. "तुम्हीच ना ते? भाताला तूप मागून घ्यायचात. आणि हे दुसरे, तुमच्या शेजारी बसायचे."

मागच्या साली तलावाच्या पाण्याचा खटला नागपूरला चालला होता. तारीख पडायची, पुढे ढकलली जायची. पुतण्याची खोली असताना लॉजात पैसे कोण घालणार? बकाराम साक्षीदाराला घेऊन सगळा मिळून महिनाभर तिथंच टेकला होता. गावात पाहुण्याचं ताट कोणी मोजत नाही; इथं मोजतात हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

"बाकी भरली नाही, म्हणून याला परीक्षेला बसू दिलं नाही," बाबू म्हणाला.

"काऊन सांगितलं नाई रे?" बकारामचा आवाज पार खाली आला होता.

"कसं सांगू जी? जेवत्या मानसाले?"

बकाराम सेवकरामकडे वळला. "आर्धे तुहे."

"माहे कायले? मी तुमचा साक्षीदार. साक्षीदाराले ज्याचा खटला तोच जेवू घालते, हे तुमीच सांगत आनलं मले." सेवकरामनं मिशीवरून हात फिरवला. "आता बांधीचा कागद कोन लिवते जी?"

बकारामनं कमरेची गाठ सोडली, नोटा टेबलावर ठेवल्या.

"कोनती बांधी?" तो म्हणाला.

घरी आल्यावर त्यानं ओसरीवर जाहीर केलं की बाबूच्या हिशेबात गोंधळ होता, आता मिटला. सेवकराम मात्र आधीच मागच्या दारानं बहिणीकडे जाऊन आला होता.

"दुधराम," दाराआडून आवाज आला, "मोठेबाबाले विचार, तिथला भात कसा होता म्हना."

बकाराम उठून बैलांना तणस टाकायला गेला.

दाखला आला, वजिफाही झाला. चौसष्ट रुपये बकारामनं भरले. बांधी सुमित्राबाईची सुमित्राबाईकडेच राहिली. सेवकरामचं जेवण फुकटच झालं. आणि दुधरामच्या बरोबरीची पोरं एक वर्ष पुढे निघून गेली. ते वर्ष त्याचं त्यानंच भरलं, ते कोणी परत मागितलं नाही नि कोणी देऊही केलं नाही.