रेडिएटरमध्ये अडकलेली आजी

इंग्लंडमधल्या स्लाऊच्या आमच्या घरी त्या दुपारी दाराशी बुटांचा ढीग पडला होता. वरच्या खोलीत वीस माणसं दाटीवाटीने बसली होती आणि शीतलानंदबाबा खोली तापवणाऱ्या भिंतीवरच्या रेडिएटरवर हात ठेवून घुमत होते.

"पाहा! खाली आग, वर बर्फ! ऐका ही गुडगुड! श्यामलाबाईंचा आत्मा आत तळमळतोय. शेवटच्या दिवशी कोणी दुखावलं त्यांना?"

श्यामला माझी बायको. ऑक्टोबरमध्ये याच खोलीत गेली. त्या दिवशी तिने पाणी मागितलं, तेव्हा आमची नऊ वर्षांची नात अन्वी गेम खेळता खेळता "वन मिनिट, आजी" म्हणाली होती.

"मी," अन्वी रडवेली होऊन म्हणाली.

"डोळे मिटा! जप करा!"

मोठ्याने जप झाला. डोळे उघडले आणि थोड्याच वेळात रेडिएटर वरपर्यंत गरम! माणसं बाबांच्या पाया पडली.

"आज क्षमा मिळाली. पण अमावस्येला त्या परत येतील." म्हणजे बाबाही परत येणार, हे आलंच.

मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं, तरी गप्प बसलो. श्यामला खरंच तिथे असावी, असं मलाही वाटत होतं.

सगळे प्रसादाला खाली गेले. अन्वी हलेना.

"आजोबा, मी डोळे ओपन केले. त्या बाबाने रेडिएटरला छोटा किल्ली लावला. स्सस्स झालं. मी बघितलं, म्हणून आजी परत अँग्री होणार?"

माझी मलाच लाज वाटली. तिचा हात धरून खाली गेलो.

"बॉयलरचं गरम पाणी पाइपांतून प्रत्येक रेडिएटरमध्ये फिरतं," मी सर्वांना म्हणालो. "आत हवा अडकली की ती वर जमते. पाणी तिथे पोचत नाही, म्हणून खाली गरम, वर गार. गुडगुड त्या हवेचीच. कडेचा स्क्रू किल्लीने सैल केला की हवा निघून जाते. बाबा, किल्ली दाखवता?"

"श्रद्धेची चेष्टा?" बाबांनी पिशवी छातीशी धरली.

"अहो, उघडा की!" त्यांना बोलावणारा माझाच मुलगा राजीव म्हणाला.

किल्ली पिशवीतल्या कुंकवाच्या डबीत निघाली.

मी अन्वीजवळ बसलो. "पाणी मी दिलं आजीला. ते पिऊन तिने तुझा स्कोर विचारला. ती रागावली नव्हती, बाळा. चुकलो मी."

चमत्कार सांगणाऱ्याकडे पुरावा मागा. आणि खरं ठाऊक असेल तर तिथल्या तिथे बोला. मी गप्प बसलो तेवढा वेळ एक लहान मुलगी स्वतःला गुन्हेगार समजत होती.