जप्पारकडचा वाटा

"पाय धरा की हो जप्पार, नुसता मागचा एक पाय!" ओताकार मेलेल्या रानडुकराचा कान धरून, तांबडालाल होऊन ओरडत होता.

"पाय तुम्ही धरा, मी कप्पी बघतो," जप्पार म्हणाला आणि चार पावलं मागे सरून त्याने जीपच्या कप्पीचा खटका दाबला. दोर ताणला, रानडुक्कर चिखलातून सरकत जीपच्या मागच्या फळीवर चढलं. ओताकार त्याच्यासोबत अर्ध्यापर्यंत फरफटत गेला, पण त्याने कान काही सोडला नाही. पाच हजार किलोमीटर विमानाने येऊन मिळवलेला कान होता तो.

चेक देशाचा हा दंतवैद्य शाळेत शिकलेली मोडकीतोडकी रशियन बोलायचा, आणि त्याच्या शिकारीच्या रीतीभाती बोलण्याहून जास्त. मेलेल्या जनावराच्या तोंडात हिरवी डहाळी ठेवायची, हा शेवटचा घास. टोपी काढून दोन मिनिटं उभं राहायचं. मग रक्तात बुडवलेली दुसरी डहाळी वाटाड्याने अदबीने शिकाऱ्याला द्यायची. जप्पारने ती लांब काठीच्या टोकावर ठेवून दिली. ओताकारचे डोळे पाणावले. त्याला वाटलं, इकडची पद्धतच अशी मानाची.

कझाक मुलखातल्या इली नदीच्या मुखाकडच्या वेतबनात जप्पार एकवीस वर्षं परदेशी पाहुण्यांना रानडुकरं दाखवत होता. झाडाला घासलेल्या चिखलावरून तो डुकराची उंची सांगे, उकरलेल्या मुळांवरून वय, आणि पाहुण्याच्या बुटांवरून त्याचा नेम. आजवर एकशे बेचाळीस डुकरं पडली. त्यातल्या एकालाही त्याने बोट लावलं नव्हतं. मुल्ला एवढे निकाह लावतो, नवरी घरी नेतो का? तसंच हे, असं तो बायकोला सांगे. बायको म्हणे, "मुल्लाच्या अंगाला नवरीचा वास तरी येत नाही."

वास बायकोपुरता असता तर चाललं असतं. पण गावात जप्पारची जीप दिसली की बायका तोंडं फिरवत आणि म्हातारे एकदम आकाशातले ढग मोजायला लागत. आणि यातच जप्पारचं खरं दुखणं होतं. त्याचा बाप हरणांचा शिकारी. तो घोड्यावरून परतायचा तेव्हा वाटेवर माणसं ताटकळत उभी असत. समोरच्याने नुसतं "सिराल्गी!" म्हणायचं, की शिकाऱ्याने शिकारीतला वाटा द्यायचाच. हा शब्द ऐकून नाही म्हणणारा कझाक अजून जन्मला नाही. बाप घरी पोचेपर्यंत खुरं तेवढी उरत, आणि आई अंगणात उभी राहून करवादे, "सगळं गावाला वाटून आला मेला!" ते ती इतक्या मोठ्याने म्हणे की चार घरांपलीकडे ऐकू जावं.

जप्पारला एकवीस वर्षांत कुणी वाटा मागितला नव्हता. मागणार कसा? म्हणून तो गाव टाळून लांबच्या वाटेने जायचा. कुणी न मागण्यापेक्षा कुणी न भेटलेलं बरं.

आज मात्र लांबच्या वाटेवरचा तराफ्यांचा पूल दुरुस्तीला काढलेला होता. गावातूनच जाणं आलं. जप्पारने खिडक्यांच्या काचा वर केल्या, टोपी भुवयांपर्यंत ओढली आणि जीप दामटली. ती थेट मेंढ्यांच्या कळपात जाऊन अडकली.

कळपाच्या कडेला, जीपपासून दोन पावलांवर, बाकावर एसिर्केपकाका बसले होते. जप्पारच्या बापाचे दोस्त, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे. तरुणपणापासून गावातली भांडणं सोडवण्यात हयात गेलेली. गेली बावीस वर्षं ते अल्माटीला मुलाकडे होते, गेल्याच आठवड्यात परतले. डोळे शहरात गेले, कान मात्र गावचेच राहिले होते.

"ही कुणाची रे गाडी?"

जप्पारने काच खाली घेतली. "मी जप्पार, काका. बरे आहात ना?"

"बैमुरातचा जप्पार? शिकारीहून आलास? रक्ताचा वास येतोय!" म्हातारा काठीवर उठला, त्याचा चेहरा उजळला. दोन्ही हात पुढे करून तो खणखणीत आवाजात म्हणाला, "सिराल्गी!"

जप्पारच्या तोंडचं पाणी पळालं. "रिकामाच आलो, काका," एवढं म्हटलं की भागत होतं. आंधळ्या माणसाला कोण दाखवायला येतंय? पण ते शब्द काही केल्या जिभेवर येईनात. एकवीस वर्षांनी कुणीतरी मागितलं होतं.

"काय म्हणतात ते?" ओताकारने विचारलं. जप्पारने भोळेपणी खरं सांगून टाकलं. हात दाखवून अवलक्षण ते हेच.

"वाटा? मग द्या ना!" ओताकार आनंदाने खाली उतरला आणि धावत मागे जाऊन त्याने ताडपत्री उचलली. "पुढचा पाय द्या! सांगा त्यांना, भरपूर कांदा घालून मंद आचेवर तीन तास!"

म्हातारा चाचपडत जीपच्या कडेने मागे आला. त्याचा हात फळीच्या दिशेने गेला.

"काका, हात मागे घ्या!" जप्पार उडी मारून आडवा आला. "हरीण नाही. डुक्कर आहे ते. मी डुकरांचीच शिकार करवतो. एकवीस वर्षं."

म्हाताऱ्याने हात मागे घेतला, पण तो गेला नाही.

"पंचाईत झाली," तो म्हणाला. "मी मागून बसलो. मागितलेलं परत घेता येत नाही, तुला नाही म्हणता येत नाही, आणि मला हे घेता येत नाही. मुलगा म्हणालाच होता, बाबा, गावी गेल्यावर आधी चौकशी करा, मग तोंड उघडा."

"चुकलो, काका."

"तुझी चूक पुढच्या शुक्रवारी बघू. आधी वाट काढू. शिकारीतली अशी एखादी वस्तू सांग, जी या जनावराला शिवलेली नाही."

"दोर?"

"बांधला कशाला होतास?"

"...जनावराला."

"बुद्धी बापावर गेली नाही तुझी. गोळी?"

"ती तर आतच आहे, काका. काडतुसाची रिकामी पुंगळी तेवढी बाहेर पडली. या पाहुण्याच्या, दातांच्या डॉक्टरच्या, खिशात आहे."

"ती चालेल."

आता अडला पाहुणा. "डुक्कर घ्या, अख्खं घ्या!" तो छातीवरचा खिसा दाबून म्हणाला. "पण पुंगळी? माझ्याकडे एकसष्ट पुंगळ्या आहेत, तारखेसकट, काचेच्या कपाटात!"

"सांग त्याला," म्हातारा म्हणाला, "पेशंटचा दात उपटतो तेव्हा इतकं रडतो का?"

ओताकार हसला, मग उसासला आणि त्याने पुंगळी म्हाताऱ्यापुढे धरली. म्हाताऱ्याने हात मागे बांधून घेतले.

"मी पाहुण्याकडे मागितलं नाही. जप्पारकडे मागितलं."

जप्पारने पुंगळी घेतली, बाटलीतल्या पाण्याने ती आणि हात धुतले, सदऱ्याला पुसले आणि ती दोन्ही हातांनी पुढे केली. बाप द्यायचा तशी, किंचित वाकून.

म्हाताऱ्याने तळवे पसरून आशीर्वाद सुरू केला. "तुझी वाट मोकळी राहो, तुझा नेम अचूक लागो, तुझ्या खोगिराच्या वाद्या शिकारीच्या चरबीने..." तो थबकला. "नाही, चरबी नको. कसली चरबी, अल्ला! त्या तशाच, स्वच्छ राहोत. आमीन."

"आमीन," ओताकारही टोपी काढून म्हणाला.

कळप सरकला, वाट मोकळी झाली. जप्पारने जीप सुरू केली. आरशात म्हातारा पाठमोरा दिसत होता. ताटातलं मटण गरम गरम घरी न्यावं तशी मूठ छातीशी धरून तो चालला होता. नळावर बादली भरणाऱ्या कुल्यानने जीपकडे पाहून नेहमीप्रमाणे मघाशीच तोंड फिरवलं होतं.

"काय नेताय हो काका, एवढं जपून?" तिने विचारलं.

"वाटा."

"कुणाकडचा?"

"बैमुरातच्या जप्पारकडचा. शिकारीहून आला ना," म्हातारा चार घरांना ऐकू जाईल एवढ्याने म्हणाला.

कुल्यानने वळून जीपकडे पाहिलं. बादली भरून वाहायला लागली.

"निघायचं ना?" ओताकारने विचारलं.

"थांबा जरा," जप्पार म्हणाला.