खळ्यावरची शपथ

चौतीस सालचा गिरणीसंप मोडला आणि भागोजी मुंबई सोडून सावित्रीकाठच्या आपल्या वाडीत परतला. येताना लाल बावटा घेऊन आला. त्या वर्षी खोताने कुळांकडे भाताचा जास्त वाटा मागितला. भागोजीने घरोघर फिरून सगळ्यांना एका गोष्टीवर आणलं: वाढीव वाटा द्यायचा नाही. कुणबीवाडी तयार झाली, महारवाडाही झाला. दोन्हीकडची माणसं त्याच खोताची कुळं.

शपथ देवळात भंडारा उचलून घ्यायची ठरली. महारवाडा आला तेव्हा गावकीचा पुढारी महिपत दारात आडवा उभा होता.

"तुम्ही पायरीखालून हात वर करा. तेवढ्याने भागंल."

सगळ्यांच्या पुढे राहीबाई होती. तिचा नवरा कुशाबा मुंबईत, भागोजी होता त्याच गिरणीत अजून कामाला होता. तिने हात वर केला नाही.

"भागोजीदादा, लाठी पडली तर ती सगळ्यांच्याच पाठीवर पडंल. मग शपथ तेवढी आम्ही अंगणातून का घ्यायची?"

भागोजी पायऱ्या उतरून खाली आला. "राहीबाई, आधी खोताचं बघू. हे आत्ता काढलंत तर निम्मी माणसं उठून जातील. पोटाचा प्रश्न सुटला की बाकीचं आपोआप सुटंल."

"गिरणीतपण तुम्ही हेच बोललात. धागा तोंडाने ओढावा लागतो, तो बाटतो म्हणून विणकामाच्या खात्यात महाराला घेत नाय. माझ्या घरधन्याने विचारलं, तर युनियन म्हणाली, संप होऊ दे. संप झाला. ते अजून त्या खात्याच्या बाहेरच हायत. तिथं पगार जास्ती मिळतो, दादा. हा पोटाचा प्रश्न नाय तर काय हाय?"

ती जमलेल्यांकडे वळली.

"खोताला वाढीव दाणा आम्ही देणार नाय," राहीबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "पण पायरीखालून बोलणार नाय. आमची शपथ खळ्यावर घेऊ."

तिने पाठ फिरवली. महारवाडा तिच्यामागे निघाला. एकी टिकावी म्हणून भागोजीने महिपतला अडवलं नव्हतं, आणि एकी तर डोळ्यांदेखत चालली होती. तो महिपतकडे न बघता त्यांच्यामागे गेला. कुणबीवाडीतली म्हातारी ठकूबाई पदर खोचून उठली.

"खोताकडे वेठ करून माझं कंबरडं मोडलं. मी चालले गो, बायांनो."

तिच्यामागून बरेच कुणबी निघाले. सगळे नाही. महिपतने उरलेल्यांना आत घेऊन दार लावलं.

खळ्यावर भाताच्या राशीला हात लावून सगळ्यांनी शपथ घेतली.

आठवडाभरात खोताच्या गाड्या आल्या. सोबत लाठीवाले होते. महिपतच्या माणसांनी मुकाट्याने वाढीव वाटा भरला. खळ्यावरची कुळं मात्र राशीवर चढून बसली. राहीबाई आणि ठकूबाई खांद्याला खांदा लावून पुढे होत्या. लाठ्या पडल्या. भागोजीचा हात मोडला, राहीबाईच्या कपाळातून रक्त आलं. कोणी हललं नाही. उन्हं कलली तशा गाड्या रिकाम्या वळल्या. त्या वर्षी खळ्यावरच्या कुळांनी वाढीव दाणा दिला नाही.

हात गळ्यात बांधून भागोजी महारवाड्यात गेला.

"महाडला कुळांची सभा हाय. बोलाल?"

"बोलेन की. पण तुम्ही सांगाल तेवढंच नाय बोलणार."

ती गेली. ती बोलायला उठताच मागचे काही जण निघून गेले. राहीबाईने आवाज चढवला आणि ती बोलत राहिली.