बठ्ठं माले माहीत शे

जळगावातल्या पिंप्राळ्याच्या बाजारात कोकिळाअक्का शिरली की वांग्यांचा भाव नंतर, आधी डायलॉग! ती भरताचं हिरवं वांगं दाबून बघतेय तोवर नवल भाजीवाला तराजू खाली ठेवायचा आणि ओरडायचा, "सासूबाई, होऊन जाऊ द्या एकदा!" की लगेच शेजारची मेथीवाली, स्कूटीवरच्या कॉलेजच्या पोरी, रिक्षात कोंबून बसलेलं अख्खं कुटुंब, सगळ्यांचे मोबाइल वर. मग अक्का तरी काय करणार? कमरेवर हात, डावी भुवई पार केसांपर्यंत, मान पुढे, आणि कोपऱ्यावर झोपलेलं कुत्रं दचकून पळेल अशा आवाजात,

"बठ्ठं माले माहीत शे!"

हशा! शिट्ट्या! वर दोन वांगी फुकट.

हे वाक्य, म्हणजे आपलं 'मला सगळं माहीत आहे', 'मिरची सासू'मधलं. मोबाइलवर बघायची अहिराणी मालिका, आणि त्यातली सासू म्हणजे अक्का. दर भागात सून काहीतरी लपवते, कधी चोरून खाल्लेली पाणीपुरी, कधी माहेरी केलेला फोन, आणि सासू कधी दारामागून, कधी कपाटातून, एकदा तर चक्क धान्याच्या कोठीतून बाहेर येते आणि हे वाक्य फेकते. बस, एवढंच! पण या एवढ्यावर अख्खा खानदेश फिदा. लग्नाच्या मांडवात नवरा-नवरी बाजूला राहायची आणि लोक अक्कासोबत फोटो काढायचे.

आणि अक्काला ते आवडायचं, खोटं कशाला बोला! पण घरी येऊन वांगी भाजायला बसली की वांग्याच्या सालीसारखं मनातही काहीतरी तडतडायचं. शिरपूरजवळच्या गावात दहावीत असल्यापासून ती नाटकात कामं करत होती. लग्न होऊन जळगावला आली, तर इथे पथनाट्यं. संडास बांधा, मतदान करा, हात धुवा, सगळं चौकाचौकांत ओरडून झालं. एका टीव्ही मालिकेत तिनं दार उघडून "ताई, चहा" म्हटलं होतं. एका सिनेमात ती इतकी जीव तोडून रडली होती की मुंबईच्या मेकअपवालीनंही डोळे पुसले. पडद्यावर दिसला फक्त तिचा अंबाडा.

तिची इच्छा एकच होती. आपण रंगमंचावर उभं राहावं आणि समोरच्यांचा खोकलासुद्धा थांबावा. एकदा. फक्त एकदाच.

"अगं, हसवणं काय सोपं आहे?" तिचा नवरा प्रेमराज म्हणायचा. त्याचं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान होतं आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसायची सवय. "मी आयुष्यभर विनोद करतोय, कोणी शिट्टी मारली का मला?"

"शेजारणीनं मारली होती. कुकरची."

तर अशा या अक्काकडे एक दिवस धुळ्याहून मेघा आली. वय सव्वीस, पाठीवर सॅक, डोळ्यांत नुसती घाई. तिथल्या हौशी नाट्यस्पर्धेसाठी ती 'ओसरी' नावाचं नाटक बसवत होती, आणि त्यातल्या यमुनाबाईसाठी तिला अक्काच हवी होती.

"यमुनाबाई कोण?" अक्कानं विचारलं.

"सासू."

प्रेमराज आतल्या खोलीत जाऊन हसला.

पण ही सासू निराळी होती. तिचा मुलगा अपघातात गेलाय. सून शालन तीन वर्षं तिच्याजवळ राहिलीये. आता शालनला एक चांगला माणूस भेटलाय, लग्न करायचंय, पण म्हातारीला सांगायची हिंमत नाही. एका पहाटे ती पिशवी भरून गुपचूप निघते, आणि ओसरीवर यमुनाबाई जागीच बसलेली असते. ती सुनेकडे बघते आणि म्हणते, "मला सगळं माहीत आहे. जा." पडदा.

अक्कानं ते पान वाचलं, आणि भरतावर फोडणी घालायची विसरली.

तालमी धुमधडाक्यात सुरू झाल्या. शालनचं काम निलोफरकडे होतं. ती शाळेत शिकवायची आणि हसायला लागली की थांबायचीच नाही. एकच अडचण होती, ती म्हणजे 'शे'. नाटक शुद्ध मराठीत, आणि अक्काची जीभ शिरपूरची.

"तो गेला, पण त्याचं घर इथंच शे."

"अक्का, आहे!" मेघा ओरडायची.

"हां हां, आहे. तो गेला, पण त्याचं घर इथंच... शे. अगं बाई!"

शेवटी निलोफरनं नियम काढला. अक्काच्या तोंडून 'शे' निघालं की तिच्या डब्यातली एक कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी जप्त. पहिला आठवडा सगळा गट ठेच्यासोबत भाकरी खाऊन टम्म झाला आणि अक्का उपाशी. पण नंतर नंतर भाकऱ्या डब्यात उरायला लागल्या. अक्काचं 'आहे' एकदम ठणठणीत झालं!

मग पिंप्राळ्यातल्या एका सभागृहात रंगीत तालीम ठेवली. ओळखीपाळखीचे सगळे बोलावले. शिरपूरहून अक्काची आई झुंबरबाईही आली आणि पहिल्या रांगेत पाय दुमडून खुर्चीवर बसली.

पडदा उघडला. यमुनाबाई सूप घेऊन आली. अजून तिनं तोंडसुद्धा उघडलं नव्हतं, आणि लोक हसायला लागले! तिनं धान्य पाखडलं, लोक हसले. तिनं मेलेल्या मुलाच्या फोटोला हार घातला, लोक मांड्यांवर थापा मारून हसले. आणि शेवटी तिनं "मला सगळं माहीत आहे" म्हटलं, तर नवल भाजीवाला मागून ओरडला, "चुकलं, चुकलं! बठ्ठं माले माहीत शे म्हना!"

सभागृह फुटलं. पण खरी गंमत, म्हणजे गंमत कसली, खरं दुःख पुढेच आहे. त्या गोंधळात अक्काची डावी भुवई आपोआप वर गेली. अक्कानं उचलली नव्हती. ती भुवई आपली आपण निघाली, पार केसांपर्यंत!

पडदा पडल्यावर मेघानं वही उघडून यमुनाबाईच्या शेवटच्या ओळीवर पेन्सिल टेकवली. मग म्हणाली, "अक्का, ते वाक्य काढू या. तुम्ही नुसती मान हलवा. धुळ्यात तर याहून जास्त लोक तुम्हाला ओळखतात."

"आणि भुवई?"

"ती... तुम्हीच समजवा तिला."

"चिकटपट्टी आणू का?" प्रेमराज म्हणाला. पण बायकोचा चेहरा बघून या वेळी तो स्वतःसुद्धा हसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का अंगणात बसली होती आणि झुंबरबाई तिचे केस विंचरत होती. लेक पन्नाशीला टेकली म्हणून काय झालं, आई आली की वेणी आईच घालणार.

"मी नाटक सोडी देस, माय," अक्का म्हणाली. "लोकेस्ले मी फक्त हासाले जोयजे."

लोकांना आपण फक्त हसण्यापुरत्या हव्या, हे लेकीचं गाऱ्हाणं ऐकत झुंबरबाई तेलाचा हात टाळूवर फिरवत राहिली. मग एकदम, कधीपासून पोटात ठेवलेलं विचारावं तसं म्हणाली,

"मी असं कव्हय वरडनू व?"

"काय?"

"ते तू मोबाइलमा म्हनस ना. बठ्ठं माले माहीत शे. ते मन्हंच वाक्य शे ना? मंग सांग, मी असं कव्हय वरडनू?"

अक्का गर्रकन वळली, अर्धी वेणी आईच्या हातातच राहिली.

खरंच की! आई अशी कधी ओरडली होती? दहावीचं वर्ष. शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाटक, आणि वडिलांचा नाटकाला कडक नकार. जादा तासाला जाते असं सांगून कोकिळा रोज तालमीला पळायची. त्या संध्याकाळी दप्तरात आईचं लुगडं कोंबून ती दारातून सटकत होती, तर उंबऱ्यावर आई. आईनं तिला खाली बसवलं, केसांना तेल लावलं, घट्ट वेणी घातली. दप्तरातलं जुनं लुगडं काढून घेतलं आणि आपलं ठेवणीतलं त्यात ठेवलं. आणि तिच्या कानाजवळ, एवढ्या हळू की ओट्यावरच्या बापाला ऐकू जाऊ नये, म्हणाली, "बठ्ठं माले माहीत शे. जाय."

मालिकेच्या पहिल्या दिवशी दिग्दर्शक म्हणाला होता, तुमची आई म्हणायची तसं काहीतरी बोला, पण जोरात! अक्का जोरात बोलली. मग आणखी जोरात. आणि इतकी वर्षं ओरडता ओरडता ते मुळात किती हळू होतं, हेच विसरून गेली.

"नही, माय," ती म्हणाली. "तू कव्हयच वरडनी नही."

"मंग!" झुंबरबाई म्हणाली आणि वेणीचा पेड पुन्हा ओढला.

धुळ्याचं नाट्यगृह खचाखच भरलं होतं. स्पर्धेला एवढी गर्दी कधी नसते, पण पोस्टरवर 'मिरची सासू' आहे म्हटल्यावर लोक पोराबाळांसकट आले होते, खिशात शेंगदाणे घेऊन! विंगेत मेघा नखं खात होती. निलोफरनं अक्काचा हात धरला.

एंट्रीलाच शिट्टी. "ए सासू!" अक्का सूप घेऊन चालत राहिली. हसू आलं, तिनं येऊ दिलं. पहिला अंक असाच गेला, पाण्यात उलटं पोहावं तसा. दुसऱ्या अंकात हसू जरा विरळ झालं. पण संपलं नव्हतं, ते अंधारात दबा धरून बसलं होतं. सगळं सभागृह त्या एका वाक्याची वाट बघत होतं.

पहाट झाली, म्हणजे निळा दिवा लागला. शालन पिशवी घेऊन उंबऱ्याशी आली आणि ओसरीवर यमुनाबाईला बघून थिजली. आता अक्कानं मान हलवायची आणि पडदा. पण बाल्कनीतून कोणीतरी ओरडलंच, "माहीत शे का नही, सासू?"

हशाची लाट उठली. अक्कानं मान हलवली नाही.

ती उठली. शालनच्या हातातली पिशवी काढून खाली ठेवली. तिला खांदे धरून बसवलं. निलोफरला काही कळेना, हे तर तालमीत नव्हतं! कोनाड्यात सामान म्हणून ठेवलेली तेलाची वाटी अक्कानं घेतली. वाटी रिकामी होती. तिनं तिच्यातच बोटं बुडवली आणि निलोफरच्या टाळूवर फिरवायला लागली. हळूहळू. मग तीन पेड. हशा अडखळला. कोणीतरी "शूऽऽ" केलं. शेंगदाण्यांचा कागद वाजला आणि वाजल्याची लाज वाटल्यासारखा थांबला. वेणी पुरी झाली. अक्का निलोफरच्या कानाशी वाकली, आणि शेवटच्या रांगेला नेमकं पोहोचेल एवढ्याच आवाजात म्हणाली,

"बठ्ठं माले माहीत शे, माय. जाय."

भुवई जागच्या जागी होती.

निलोफर रडली. ते नाटकातलं रडणं नव्हतं, नाक लाल करणारं खरं रडणं होतं. पिशवी उचलून ती गेली. अक्का उंबऱ्याकडे बघत राहिली. आणि सभागृहात, अहो काय सांगावं, शिट्ट्या मारणाऱ्या त्या सभागृहात कोणी खोकलंसुद्धा नाही! पडदेवालाच पडदा पाडायचं विसरला. अक्का त्या शांततेत उभी होती, अंगणात ऊन खावं तशी, आणि तिला वाटत होतं, पाडू नको रे बाबा, अजून थोडं राहू दे.

मग टाळ्या आल्या, त्यासुद्धा आधी दबकत, आणि पडदा पडला.

विंगेत मेघा डोळे मोठे करून उभी. "अक्का! ते वाक्य मी कापलं होतं!"

अक्काच्या कमरेवर हात गेला. भुवई सुटली, थेट केसांपर्यंत. आणि पडद्यापलीकडच्या पहिल्या तीन रांगांना ऐकू जाईल अशा आवाजात तिनं जाहीर केलं,

"बठ्ठं माले माहीत शे!"

पडद्याच्या दोन्ही बाजूंनी हशा पिकला. निलोफर हसत होती आणि रडत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं काय चाललंय. प्रेमराज झुंबरबाईला हाताला धरून आत घेऊन आला. म्हातारीनं आधी निलोफरची वेणी हातात घेऊन तपासली.

"सैल शे," ती म्हणाली.

मेघानं सॅकमधून नाटकाची वही आणि पेन्सिल काढली होती. यमुनाबाईची पानं उलटता उलटता ती म्हणाली, "अक्का, निकाल काहीही लागो, पुढच्या प्रयोगाला यमुनाबाई पहिल्यापासून तुमच्याच बोलीत बोलेल. उद्यापासून तालीम."

"म्हणजे आता 'आहे' म्हटलं तर?"

"तर भाकरी जप्त."