सरक भिया, आला माझा काल

राजवीरला मी भर सभेत खोटं पाडलं, आणि मला त्याची काडीची लाज वाटत नाही. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे कुणी मला शहाणपण शिकवायला नको.

राजवीर माझा मामेभाऊ, धारचा. रॅपर आहे, नाव घेतलंय 'धारदार'. सहा वर्षांपूर्वी त्याची पहिली सहा गाणी आली, मराठी-माळवी मिसळलेली. ती सहाही मी लिहिली, एका दोनशे पानी वहीत. नंतर हा इंदूरला गेला, हिंदीत गायला लागला, मोठा झाला. आता ती जुनी सहा गाणी पुन्हा येणार होती आणि पोस्टरवर छापलं होतं, 'शब्द: राजवीर'. फोन केला तर म्हणतो, "ताई, तू तर फक्त लिहून घ्यायचीस, बोलायचो मी."

लिहून घ्यायचीस! मी काय याची कारकून?

तर गणपतीत आमच्या देवासच्या मराठी मंडळात पोरांनी वादविवाद ठेवला: कोणता रॅपर कोणत्या काळात सगळ्यात भारी. पाहुणे म्हणून हेच महाशय. दुपारी हॉल गच्च भरला होता. मी वही पर्समध्ये घालून पहिल्या रांगेत बसले.

अर्धी पोरं म्हणत होती, धारदार आत्ता भारी आहे, इंदूरचा. मग मनन उठला. इंजिनिअरिंगचं पोरगं, बोलायला एकदम तिखट, इंदुरी पोरांसारखं सगळ्यांना 'भिया', म्हणजे भाऊ, म्हणणारं.

"आत्ताचा धारदार म्हणजे दुकान आहे भिया. पहिलाच खरा! एकच ओळ घ्या. 'सरक भिया, आला माझा काल.' सगळे रॅपर म्हणतात, माझा टाइम आला. हा एकटा म्हणतो, माझा कालचा दिवस आला. म्हणजे तो कुठेही गेला तरी त्याचं मागचं सगळं त्याच्याआधी तिथे पोचतं. अशी ओळ पुन्हा जमली त्याला?"

टाळ्याच टाळ्या. राजवीर छातीवर हात ठेवून मान लववत होता. माझं डोकंच फिरलं.

"ए राजवीर," मी उभी राहिले, "तो काल आहे की काळ?"

"ताई, नंतर बोलू ना."

"नंतर का? आत्ताच सांग. तू लिहिलंयस ना?"

"काल. मनन बोलला तेच. डीप आहे ते."

मी वही उघडून त्याच्या पुढ्यात आपटली. "हे वाच. माईकवर वाच."

सगळे बघत होते, नाही म्हणायची सोय नव्हती. त्यानं वाचलं, "पोटात उठली कल, पाठीवर उठले वल..."

हॉल खो खो हसला. कळ आणि वळ! हिंदी शाळेत शिकलेला माणूस, ळ दिसला की ल म्हणतो. स्टुडिओतही त्यानं माझ्या वहीतून असंच वाचलं होतं. मी लिहिलं होतं काळ. माझा काळ आला, माझे दिवस आले. स्वतः लिहिलं असतं तर स्वतःचाच शब्द चुकला असता का?

"कळलं आता कुणी लिहिलंय ते?" मी विचारलं. राजवीरचं तोंड लालबुंद झालं होतं.

मनन मात्र हळूच म्हणाला, "पण ताई, काळ म्हटलं तर ती ओळ सगळ्यांसारखीच झाली ना?"

थोबाडीत दिली असती त्याच्या. कारण कार्टं खरं बोलत होतं, आणि ते मला तिथे उभ्या उभ्या समजलं. सहा गाण्यांतली लोकांच्या तोंडी बसलेली एकच ओळ, आणि तिच्यातला जीव त्या गाढवाच्या चुकीत होता!

"टाकतो तुझं नाव," राजवीर माईक बाजूला करून दात-ओठ खात म्हणाला. "सगळ्या गाण्यांवर टाकतो. पण आमच्या घरी परत पाऊल ठेवू नकोस."

"नाही ठेवत. जा."

चार दिवसांनी नवं पोस्टर व्हॉट्सॲपवर आलं. खाली मोठ्या अक्षरांत: 'शब्द: स्वप्नाली निंबालकर'.

निंबालकर! अरे, निंबाळकर! निदान माझं नाव तरी! मी लगेच टाइप केलं, 'ळ कुठे गेला माझा?'

त्याचं उत्तर आलं, 'करारासाठी तू पाठवलेल्या आधारवरून उतरवलंय. बघ.'

मी कपाट उघडलं. आधार कार्ड, निंबालकर. दहावीची मार्कशीट, निंबालकर. बँकेचं पासबुक, निंबालकर. मतदान कार्ड तेच. या सगळ्यांचे हिंदीतले अर्ज मीच सही करून दिले होते, आणि आजवर एकाही खिडकीवर मी त्या एका अक्षरासाठी भांडले नव्हते.

तरी मी त्याला फोन लावला. त्यानं उचलला, "बोल," म्हणाला, आणि मी फोन तसाच कानाला धरून आधार कार्ड परत कपाटात ठेवलं.